करडांना अमिनो अ‍ॅसिडचं टॉनिक द्यावं का? चौदापैकी तीन गेली

सातपुड्याची_लेक
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची दोन एकर कोरडवाहू आणि ११ बकऱ्या. दिवाळीच्या मागेपुढे १४ पिल्लं झाली. सगळी धडधाकट. घरात सगळे खूश होतो. जानेवारी संपता संपता त्यातला सगळ्यात दांडगा बोकड गेला. सकाळी खाऊनपिऊन उड्या मारत होता, दुपारी पाणी दाखवायला गेले तर पाय ताणून पडलेला. दहा दिवसांनी दुसरा गेला, काल तिसरा. तिन्ही अंगाने भरलेली होती, हेच कळत नाही. उरलेल्यांतली तीन-चार सुस्त आहेत, अंगावरचे केस उभे राहिलेत, थोडं पळाली की धापा टाकतात.

तालुक्याला गुरांच्या औषधांच्या दुकानात सांगितलं. दुकानदार म्हणाले, दूध तोडल्याचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे, अंगात अमिनो अ‍ॅसिड कमी पडलंय. एक लिटरची बाटली दिली, ६२० रुपये. लेबलवर मेथिओनिन, लायसिन, कोलीन, बी-१२ लिहिलंय. रोज ५ मिली पाण्यातून द्यायचं. चार दिवस देतेय, फरक नाही. आणखी बाटल्या आणायच्या तर उसने पैसे घ्यावे लागतील. या औषधाने खरंच काही होतं का? कुणी वापरलंय?

---

गिरणाकाठ
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ताई, आम्ही वासरांना देतो, गेली दोन वर्षं. अंगावर चमक येते. बंद करू नका, महिनाभर तरी द्या.

---

चाळीसगावचा_गोठा
१६ फेब्रुवारी, रात्री १०:३१

जंताचं औषध पाजलं का? या वयात करडं धापा टाकतात ती जंताने रक्त कमी झाल्यामुळे. खालची पापणी ओढून बघा, पांढरी असेल तर जंतच.

---

निवृत्त_पशुवैद्य
१७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, तीन पिल्लं गेली म्हणजे लहान गोष्ट नाही. औषधाचं नंतर बघू, आधी एवढं सांगा.

पिल्लं काय खातात, किती खातात आणि कधीपासून? ढेप देता का, कसली? आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन अचानक मारणाऱ्या रोगाची, लस झाली का? हगवण होती का, त्यात रक्त होतं का? मेलेल्यांपैकी कुणाचं शवविच्छेदन केलं का?

विचारतोय त्याला कारण आहे. जंत आणि रक्ती हगवण आधी दुबळ्या पिल्लाला धरतात. तुमच्याकडे सगळ्यात दांडगं आधी गेलं. जे सगळ्यात जास्त खातं ते आधी जात असेल तर माझं लक्ष गव्हाणीकडे जातं.

---

सातपुड्याची_लेक
१७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

डॉक्टर साहेब, सगळं सांगते.

लस डिसेंबरच्या शेवटी झाली आणि तीन आठवड्यांनी परत टोचली, दवाखान्याच्या साहेबांनी. जंताचं पाजलंय. हगवण नाही, लेंड्या चांगल्या पडतात. पापण्या बघितल्या, गुलाबी आहेत. शवविच्छेदन केलं नाही, पुरून टाकली.

खाणं असं. पिल्लं वीस-पंचवीस दिवसांची झाल्यापासून सरकी ढेप चालू केली. जिनिंगवाल्याकडे यंदा ढेप स्वस्तात मिळाली, दोन गोण्या आणून ठेवल्या. रात्री तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भिजत घालते, सकाळी फुगून काठोकाठ येते. कोरडी मोजली तर चौदा जणांत मिळून ३ किलो. संध्याकाळी मक्याची भरड आणि दादर ज्वारीचा कडबा. दोन महिन्यांची झाल्यावर आईपासून तोडली, बकऱ्या लवकर माजावर याव्यात म्हणून. चरायला अजून नेत नाही, कुत्र्यांची भीती. ढेप तर इतकी आवडीने खातात की डबा वाजला तरी ओरडायला लागतात.

---

निवृत्त_पशुवैद्य
१७ फेब्रुवारी, रात्री ८:२०

ताई, ढेप आज रात्रीच बंद करा. भिजत घातली असेल तर ती मोठ्या बकऱ्यांना थोडी थोडी वाटून टाका, पिल्लांना सकाळी एक घासही नको. टॉनिक बंद केलं तरी चालेल.

आता कारण सांगतो, कारण ही चूक आपल्या भागात घरोघरी होते. कपाशीच्या मुलखात ढेप हेच हाताशी असणारं खाद्य, त्यात दोष कुणाचाच नाही.

सरकी फोडून बघितलीत तर आतल्या गरात काळपट बारीक ठिपके दिसतात. त्या ग्रंथी असतात, त्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य भरलेलं असतं. कपाशीचं झाड किडीपासून बचाव म्हणून ते तयार करतं. तेल काढल्यावर त्यातलं बरंचसं ढेपेत राहतं. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, ज्याला आम्ही रुमेन म्हणतो, तिथे ते प्रथिनांना चिकटून बऱ्याच अंशी निकामी होतं. म्हणून म्हैस वर्षानुवर्षं ढेप खाऊन ठणठणीत राहते. पिल्लाचा हा कप्पा अजून पुरता तयार नसतो. त्याच्या पोटातून गॉसिपॉल रक्तात जातं आणि साठत राहतं. काही आठवडे, कधी दोन-अडीच महिने काहीच दिसत नाही. मग एक दिवस हृदय थकतं. धापा, सुस्ती, आणि चांगलं दिसणारं पिल्लू अचानक आडवं.

दुकानदाराने जे दोन शब्द वापरले ते दोन्ही तुमच्या गोठ्यात खरे असू शकतात. मला हेच सांगायचंय. गॉसिपॉल लायसिनला चिकटून बसतं, विशेषतः ढेप तापवून काढलेली असली की. म्हणजे खाद्यात लायसिन असूनही पिल्लाच्या वाट्याला येत नाही. आणि पेशींमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही तेच वाढवतं. दोन्ही दुखणी एकाच डब्यातून निघालीत. वरून बाटली ओतायची आणि खालून डबा चालू ठेवायचा, याने पिल्लू वाचत नाही.

स्ट्रेस म्हणजे काय तेही सांगतो. जिनिंगच्या आवारात रुईचे ढीग पडलेले असतात आणि भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. यंत्र चाललं की ठिणगी उडणारच, ती बंद करता येत नाही. शरीरातही ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होताना ठिणग्या उडतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. त्या पेशीच्या पातळ स्निग्ध पडद्याला धरतात, पडदा जळत जातो. वाळूच्या बादल्या म्हणजे ग्लुटाथायोन, ई जीवनसत्त्व आणि काही एन्झाइम. ठिणग्या वाढल्या किंवा बादल्या रिकाम्या झाल्या की आग पसरते. पिल्लाच्या आयुष्यात ठिणग्या वाढायचे दिवस ठरलेले असतात: जन्म, दूध तोडणं, लांबचा प्रवास, एप्रिल-मेचं ऊन, जंत, बुरशी लागलेलं खाद्य.

ग्लुटाथायोन ही तीन अमिनो अ‍ॅसिडची जोडणी आहे: ग्लुटामिक अ‍ॅसिड, सिस्टीन आणि ग्लायसिन. तिघांत सिस्टीनच बहुधा कमी पडतं, आणि ते शरीर मेथिओनिनपासून बनवतं. तेव्हा बाटलीमागचा विचार खोटा नाही. तो तुमच्या करडांना लागू पडत नाही, एवढंच.

पुढचं पिल्लू गेलं, आणि मन घट्ट करून सांगतो की अजून एखादं जाऊ शकतं, कारण साठलेलं विष उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, तर पुरू नका. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा किंवा दवाखान्यात घेऊन जा, उघडून बघायला सांगा. मी इथे बसून अंदाज सांगतोय. आंत्रविषारही असाच दांडग्यांना धरतो. लस झाली म्हणून तो पूर्ण वगळता येत नाही.

---

बोरीकाठचा_शेतकरी
१७ फेब्रुवारी, रात्री ९:०२

साहेब, मान ठेवून बोलतो. आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी बकरीच्या पिल्लांना ढेपच घातली. कधी असं मेलेलं ऐकलं नाही. कपाशी आमच्याच रानातली, ढेप आमच्याच गावातली. उगाच लोकांना घाबरवू नका, ढेप बंद केली तर घालायचं काय? सोयापेंडीचे भाव बघा जरा.

---

नवापूर_लेअर
१७ फेब्रुवारी, रात्री ११:४५

बोरीकाठ दादा, मी कोंबडीवाला, बकरीतलं मला कळत नाही. पण सरकी ढेपेची एक गोष्ट डोळ्यांनी बघितलेली आहे. माझ्या मामांनी एका वर्षी मका महाग झाला म्हणून अंड्यावरच्या पक्ष्यांच्या खाद्यात सरकी ढेप मिसळली. कोंबड्या मेल्या नाहीत. पण आठवड्याभराने ठेवलेली अंडी फोडली तर बलक हिरवट, शेवाळासारखा. व्यापाऱ्याने गाडी परत पाठवली. तो रंग गॉसिपॉलचा. जे द्रव्य कोंबडीच्या अंगातून अंड्यापर्यंत पोचतं, ते पिल्लाच्या हृदयापर्यंत पोचत नसेल असं मी तरी म्हणणार नाही.

आणि ताई, अमिनो अ‍ॅसिडचं म्हणाल तर आमच्या धंद्यात ते टॉनिक नाही, रोजची भाकरी आहे. मक्यात प्रथिनं साडेआठ टक्क्यांच्या आसपास, त्यात मेथिओनिन ०.१८ टक्के. सोयापेंडीत प्रथिनं ४४ टक्के, मेथिओनिन ०.६२. ब्रॉयलरच्या पिलाला पहिले तीन आठवडे खाद्यात ०.५० टक्के मेथिओनिन लागतं. मका आणि सोया नेहमीच्या प्रमाणात जुळवलं तर तो आकडा गाठत नाही. म्हणून वरून पांढरी पावडर टाकावीच लागते, टनाला दीड-दोन किलो. अंड्यावरच्या जातीच्या पिलाला ०.३० पुरतं, तिथे हात आखडता येतो. कोंबडीला रुमेन नाही, जे टाकलं ते थेट आतड्यातून रक्तात. आमच्याकडे फरक आठ दिवसांत पिसांवर दिसतो.

पण जास्त झालं तर काय होतं तेही भोगलंय. मिक्सरवरच्या मुलाने घाईत एका टनात २५ किलोची अख्खी गोणी ओतली. दुसऱ्या दिवशी भांड्यांत खाद्य तसंच. पिलं जवळ येत, एक-दोन टोचा मारत आणि वळत. चार दिवस आम्हाला कळेना, पाण्यात बघितलं, तापमान बघितलं. शेवटी रिकाम्या गोण्या मोजल्या तेव्हा उलगडलं. ती तुकडी शेवटपर्यंत वजनाला मागे राहिली. अमिनो अ‍ॅसिडमध्ये अतिरेक झाला तर सगळ्यात बाधणारं मेथिओनिनच आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात आला, तेव्हापासून घरात वही ठेवायची सवय लागली. त्या वहीमुळेच गोण्यांचा हिशोब सापडला.

---

निवृत्त_पशुवैद्य
१८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

बोरीकाठ दादा, तुमचे वडील खोटं बोलत नव्हते. त्यांच्या वेळी पिल्लू चार-पाच महिने आईच्या मागे रानात असायचं. दूध चालू, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, गवत, आणि घरी आल्यावर ढेपेची एखादी चिमूट. ताईंकडे बांधलेल्या पिल्लाला रोज २०० ग्रॅमच्या वर जातेय, तीन आठवड्यांचं असल्यापासून, आणि हिरवं काहीच नाही. शिवाय प्रत्येक गिरणीची ढेप सारखी नसते. तेल कसं काढलं, किती तापवलं, यावर मोकळं गॉसिपॉल कमीजास्त होतं. मागच्या वर्षीच्या गोणीने काही झालं नाही म्हणून यंदाचीही तशीच निघेल याची खात्री नाही.

अमेरिकेत टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी सरकीत गॉसिपॉल नगण्य राहील अशी कपाशी तयार केली, २०१८ मध्ये तिथे लागवडीला परवानगीही मिळाली. ती आपल्या रानात येईल तेव्हा येईल. तोवर ढेप मोठ्या जनावरांना घाला, पिल्लं चार-पाच महिन्यांची होईपर्यंत त्यांच्यापासून लांब ठेवा.

---

पारोळा_ते_परभणी
१८ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, घर पारोळा तालुक्यात. सरांनी लिहिलंय त्यात एक भर घालतो. बाटली करडाला लागू का पडत नाही, हे आम्हाला नुकतंच शिकवलंय.

पिल्लू आईच्या सडाला चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी एक खाच असते, ती मिटून नळी तयार होते. दूध पहिले तीन कप्पे टाळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. तिथे आपल्या पोटासारखं पचन होतं, दुधातली अमिनो अ‍ॅसिड जशीच्या तशी मिळतात. पण पिल्लू मोठं होऊन चारा-दाणा खायला लागलं आणि बादलीतून पाणी प्यायला लागलं की ते सगळं रुमेनमध्ये उतरतं. तिथले जिवाणू मोकळं मेथिओनिन, लायसिन दिसलं की फोडून अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतात. पुढे तेच जिवाणू चौथ्या कप्प्यात मरून पचतात, आणि जनावराला खरं प्रथिन मिळतं ते हे. म्हणून दुभत्या गाईंना मेथिओनिन द्यायचं झालं तर वेष्टन केलेलं देतात, रुमेनमधून सुखरूप पार होणारं. ताईंच्या बाटलीवर तसं काही लिहिलेलं नाही.

लेबलवर लिहितात ते प्रयोग बरेचसे डुकराच्या किंवा कोंबडीच्या पिलांवरचे असतात. डुकराचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना दूध तोडतात. त्या आठवड्यात आतड्याच्या आतली बोटांसारखी लव झिजून आखूड होते, म्हणून त्यांना ग्लुटामिन, मेथिओनिन दिल्याने आतडं सावरायला मदत होते. ग्लुटामिन हेच आतड्याच्या पेशींचं जळण. पण त्याला एकच पोट आहे, आपल्या करडाला चार कप्पे. तोच नियम इकडे लावता येत नाही.

आणि थोडा हिशोब. १०० ग्रॅम लसूण घास या हिरव्या चाऱ्यात साधारण ४ ग्रॅम प्रथिन असतं. बाटलीच्या ५ मिलीमधलं अमिनो अ‍ॅसिड मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. घासाची एक पेंडी बांधाकडेला उगवते.

---

गिरणाकाठ
१८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

वर मी महिनाभर द्या म्हणालो होतो. दोन दिवस वाचतोय. माझं म्हणणं मागे घेतो, आणि एक गोष्ट मनात राहिली आहे ती लिहितो.

आमच्याकडे सहा गाई. वासरं जन्मल्यावर अशक्त राहायची, सर्दी-हगवण कायमची, म्हणून टॉनिक चालू केलं. पण व्यायल्यावर पहिल्या दिवसाचा चीक आम्ही काय करायचो? अर्धा वासराला, अर्धा खरवसाला. शेजारी, पाहुणे, मुंबईचा भाऊ, सगळ्यांना डबे. वासराला उरलेलं, तेही वार पडल्यावर. आमची आई म्हणायची, "वासरूले चीक पाज, बाकीनं मंग दखू." आम्ही तिला म्हणायचो, आई, तुला वासराचीच काळजी.

डॉक्टर साहेब, चिकाचा आणि या स्ट्रेसचा काही संबंध आहे का?

---

निवृत्त_पशुवैद्य
१९ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

संबंध थेट आहे. गर्भात ऑक्सिजन कमी असतो. बाहेर पडून पहिला श्वास घेतला की ऑक्सिजन एकदम वाढतो आणि ठिणग्याही. त्याच वेळी बादल्या जवळपास रिकाम्या असतात, कारण ई आणि अ जीवनसत्त्वं वारेतून वासराकडे फारशी जातच नाहीत. निसर्गाने ती चिकात भरून ठेवलीत. रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यंही चिकातच. ती आतड्यातून शोषायचं दार जन्मानंतर तासातासाला मिटत जातं आणि चोवीस तासांत बंद होतं. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवशी, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या दोन-तीन तासांत. २५ किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर. वार पडायची वाट बघायची नाही. करडाला, पारड्यालाही हेच. वासराचं भागल्यावर उरलेल्याचा खरवस खुशाल करा.

पुढे वासराला आईचं पुरेसं दूध मिळत असेल तर वरून मेथिओनिन-लायसिन द्यायची गरज पडत नाही. दुधातलं प्रथिन त्याच्यासाठीच जुळवलेलं असतं. म्हशीवाल्यांनी मात्र नीट ऐका. दूध विकता यावं म्हणून पारड्याला दुधाची पावडर पाजता, त्या पावडरीत दुधाच्या जागी सोयाचं प्रथिन असलं तर मेथिओनिन कमी पडतं. ते वर घातलेलं असलं तरच घ्या. इथे अमिनो अ‍ॅसिड खरंच कामाला येतं, कारण चोखलेलं पातळ दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं.

---

केळीपट्टा_रावेर
१९ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

सुबाभळीचा पाला प्रथिनाला चांगला म्हणतात. आमच्या बांधावर भरपूर आहे. ताईंनी ढेपेच्या जागी तो दिला तर?

---

पारोळा_ते_परभणी
१९ फेब्रुवारी, दुपारी २:००

थोडा द्या, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच, आणि करडांना त्याहून कमी. सुबाभळीत मिमोसिन असतं. गंमत वाटेल, पण तेही एक अमिनो अ‍ॅसिडच आहे, फक्त शरीराच्या उपयोगाचं नाही. जास्त झालं तर केस गळतात, लाळ गळते, वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियात जनावरांना याचा फार त्रास व्हायचा. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन मजेत असायच्या. शोध घेतला तर त्यांच्या रुमेनमध्ये मिमोसिनचं विष निकामी करणारा एक जिवाणू सापडला. शेवग्याचा पाला त्यापेक्षा बिनधोक.

---

सातपुड्याची_लेक
२ मार्च, रात्री १०:२०

ढेप बंद केल्याला आज तेरा दिवस झाले. चौथं पिल्लू काल गेलं. कानावर पांढरा ठिपका असलेली पाठ, म्हणजे मादी करडू. या खेपेला पुरलं नाही. पोत्यात घालून मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं.

साहेबांनी माझ्यासमोर उघडलं. छाती चिरल्याबरोबर पिवळसर पाणी वाहिलं, दोन पेले तरी असेल. हृदय मोठं आणि सैल, बोट लावलं तर पीठ मळल्यासारखं दबायचं. काळीज, म्हणजे यकृत, जायफळ कापल्यावर दिसतं तसं, ठिपक्या-ठिपक्याचं. मूत्रपिंड बघून म्हणाले, घट्ट आहे, आंत्रविषार असता तर मऊ पडलं असतं. मग त्यांनी विचारलं, ढेप किती दिवस घातली? मी म्हटलं, तीन महिने. ते गप्प राहिले, मग म्हणाले, ताई, तुमचा दोष नाही, कुणी सांगितलंच नव्हतं.

रस्त्याने येताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं, डबा वाजला की पिल्लं ओरडत धावत यायची ते. मी रोज माझ्या हाताने घालत होते.

उरलेल्यांना साहेबांनी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन वजन करून एकदा दिलं. सेलेनियम जास्त झालं तर तेच विष आहे, तुम्ही स्वतः आणून टोचू नका, असं बजावून सांगितलं. पिल्लांना पळवायचं नाही, उन्हात बांधायचं नाही, हिरवं वाढवायचं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून लसूण घासाचं बी आणलंय.

---

नवापूर_लेअर
२ मार्च, रात्री १०:५५

ताई, धीर धरा. आता नवं विष जात नाही, हे लक्षात ठेवा.

---

सातपुड्याची_लेक
१९ एप्रिल, रात्री ८:४५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. दहाच्या दहा आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर एकही गेलं नाही. धापा थांबायला तीन आठवडे लागले, केस बसायला त्याहून जास्त. आज ताणकाट्यावर लटकवून वजनं घेतली, सगळ्यात हलकं साडेअकरा किलो, जड १७. दुपारी ४३ अंश होतं, निंबाखाली बांधलेत, पाणी तीनदा बदलते.

खाद्य सरांना विचारून केलं: १०० किलोत मक्याची भरड ५०, भुईमूग ढेप २५, तूरचुनी आणि गव्हाचा कोंडा मिळून २२, खनिज मिश्रण २, मीठ १. दर पिल्लाला सध्या पावणेदोनशे ग्रॅम. घास कापून सकाळी, शेवग्याचा पाला संध्याकाळी, दादरचा कडबा मधल्या वेळी. सरकीच्या उरलेल्या ढेपेवर मोठ्या बकऱ्या आणि शेजारची म्हैस. अमिनो अ‍ॅसिडची बाटली अर्धी उरली होती, ती मी परत द्यायला गेले. दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं, पैसे दिले नाहीत, पण सरकीचं कागदावर लिहून घेतलं. आता करडाचं टॉनिक मागायला कुणी आलं की आधी ढेपेचं विचारतो म्हणाले.

पुढची पिल्लं श्रावणात होतील. दूध तीन महिने तोडणार नाही.

---

बोरीकाठचा_शेतकरी
१९ एप्रिल, रात्री ९:३०

ताई, फार बरं वाटलं. मी सुरुवातीला आडवं बोललो होतो. फेब्रुवारीतच आमच्या सहा पिल्लांची सरकी बंद केली, मुलाच्या आग्रहाने. मनात धाकधूक होतीच.

डॉक्टर साहेब, एक विचारायचंय. सरकीच्या जागी भुईमुगाची ढेप आणली. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात गोणीची एक बाजू भिजली. तिथली ढेप हिरवट-काळी पडलीय, उग्र कुबट वास येतो. ती खरवडून टाकून बाकीची वापरली तर चालेल? नाहीतर गाईला घालतो, गाईला रुमेन आहे.

---

निवृत्त_पशुवैद्य
१९ एप्रिल, रात्री ९:४१

नको. पिल्लांना नाही, गाईलाही नाही. ती अफ्लाटॉक्सिनची बुरशी असू शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले, तेव्हाच हे विष जगाला कळलं. ते काळजात जाऊन तिथलं ग्लुटाथायोन संपवतं, आणि गाईने खाल्लं तर दुधात उतरतं. ते दूध तुमच्या घरातली मुलं पितात. खरवडून भागत नाही, बुरशीचे धागे गोणीभर पसरलेले असतात. अख्खी गोणी लांब नेऊन खड्ड्यात पुरा, कोंबड्याही जाणार नाहीत अशा जागी. नवी आणाल ती जमिनीवर ठेवू नका, विटांवर फळी टाकून, भिंतीपासून हातभर सोडून ठेवा.

---

बोरीकाठचा_शेतकरी
१९ एप्रिल, रात्री ९:५८

खड्डा सकाळी खणतो. आत्ता गोणी उचलून गोठ्याबाहेर काढली आहे.